पहिला तांब्या

दिवाळीनंतर यवतमाळ, दारव्हा, पुसद परिसरात पहाटेचा गारवा जाणवू लागला, की कुठे बादलीत विजेचा रॉड सोडला जातो, तर कुठे चुलीवर गंज चढतो. लेकराला न्हाऊ घालणारी आई किंवा आजी विसण घालते, पाण्यात हात बुडवून पाहते आणि पहिला तांब्या त्याच्या अंगावर ओतते. या पहिल्या तांब्यातच धोका दडलेला असू शकतो. त्याचे कारण मुलांसमवेत घरीच पाहता येईल.

काचेच्या मोठ्या बरणीत माठातील गार पाणी घ्यावे. औषधाची रिकामी, स्वच्छ धुतलेली लहान बाटली हाताला सोसेल इतक्या गरम पाण्याने काठोकाठ भरून त्यात खाण्याच्या लाल रंगाचे दोन थेंब टाकावेत. हे काम मोठ्यांनीच करावे. बाटलीच्या गळ्याला दोरा बांधून ती उभीच बरणीच्या तळाशी अलगद सोडावी. लाल रंग धुरासारखा वर चढेल आणि पृष्ठभागालगत त्याचा थर पसरेल. मग बाटलीत माठातीलच पाणी व तेवढाच रंग घालून प्रयोग पुन्हा करावा. या वेळी रंग बहुतांशी बाटलीतच राहील. प्रत्येक वेळी मुलांना आधी अंदाज बांधू द्यावा.

पाणी तापले की प्रसरण पावते आणि त्याची घनता कमी होते. २० अंश सेल्सिअस तापमानाचे एक लिटर पाणी सुमारे ९९८ ग्रॅम भरते. ६० अंशांचे सुमारे ९८३ ग्रॅम. एवढासा फरकही गरम पाण्याला वर ठेवण्यास पुरेसा ठरतो.

बादलीतही हेच घडते. रॉडच्या वेटोळ्याखालचे पाणी गार राहते, वरचे कढत होते. गार पाण्यावर गरम पाणी हळूच ओतले, तरी तेही बराच वेळ वरच थांबते. खोलवर बुडवलेल्या हाताला पाणी सोसवेल असे वाटते. तांब्या मात्र वरचेच पाणी उचलतो. ६० अंशांचे पाणी प्रौढाची त्वचा काही सेकंदांत भाजते. बालकाची त्वचा अधिक पातळ असल्याने तिला त्याहूनही कमी वेळ पुरतो.

म्हणून बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग गरम ओतावे, तांब्याने तळापासून वरपर्यंत ढवळावे आणि त्यानंतरच कोपर बुडवून पाहावे. कोपराला पाणी जेमतेम कोमट लागले पाहिजे. रॉड असल्यास बटण बंद करून प्लग काढल्याखेरीज पाण्याला स्पर्श करू नये. गरम पाण्याच्या बादलीजवळ मूल क्षणभरही एकटे ठेवू नये.

तरीही भाजलेच, तर तो भाग वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा आणि बाळाचे उरलेले अंग उबदार ठेवावे. बर्फ, हळद वा टूथपेस्ट लावू नये. फोड फोडू नयेत. लहान बाळ भाजल्यास जखम किरकोळ वाटली तरी डॉक्टरांना दाखवावे.

विसण घातले म्हणजे पाणी एकजीव झाले, असे नव्हे. ते ढवळावेच लागते.