न्हाणीघरातला दिवा

हंगामात तोडणी मजुरांच्या तळावर सामाईक न्हाणीघरे उभी राहतात, पण दिव्याला उघडा होल्डर आणि जोड दिलेली वायर! अंग ओले असले की 230 व्होल्टचा धक्का जीवच घेतो. फ्यूज आहे की, असे म्हणू नका. 5 अँपिअरचा फ्यूज वायर वाचवतो. माणूस त्याच्या कितीतरी कमी करंटला जातो. आमचे स्पष्ट मत असे: बटण बाहेर कोरड्यात, दिवा उंचावर व पाणी न शिरणारा, अर्थिंग पक्के, आणि 30 मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी हवाच. मोटारीच्या स्टार्टरला आपण पैसे मोजतो, मग आपला ऊस तोडणाऱ्यांसाठी हात का आखडावा? खर्च कुणाचा, हा वाद मागाहून घालू. गव्हाणीत पहिली मोळी पडण्याआधी वायरमनकडून तळ तपासून घ्यावा.