आरोग्य आणि आपण: स्लाइड आणि बाटली एका पिशवीत नको

घरातल्या कुणाच्या मानेला किंवा छातीत गाठ लागली की डॉक्टर सुईने तपासणी करायला सांगतात. लहान गावांत नमुना लॅबपर्यंत नेण्याचे काम बऱ्याचदा घरच्याच माणसावर येते. एका हातात स्लाइडची डबी, आणि तुकडाही काढला असेल तर दुसऱ्या हातात फॉर्मेलिनची बाटली. आपण दोन्ही एकाच पिशवीत टाकतो आणि बिस्मिल्लाह म्हणून निघतो. चूक होते ती इथेच.

फॉर्मेलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेला फॉर्माल्डिहाइड वायू. त्यात तुकडा सडत नाही. पण झाकण लावलेल्या बाटलीतूनही थोडी वाफ बाहेर येऊ शकते. हवेत वाळवलेल्या, अजून न रंगवलेल्या स्लाइडला ती लागली की जिम्सासारखा रंग पेशींवर नीट चढत नाही. जिथे स्वच्छ जांभळा रंग दिसायला हवा, तिथे मळकट निळा-हिरवा दिसतो आणि पेशीच्या केंद्रकाची बारीक ठेवण पुसट होते. गाठ साधी की कॅन्सरची, हे डॉक्टर त्याच ठेवणीवरून ओळखतात. म्हणजे जे तुकड्याला तारक, तेच स्लाइडला मारक.

बिघडलेली स्लाइड वरून ओळखू येत नाही; रंगवल्यावरच कळते, आणि मग ती सुधारता येत नाही. अम्मीला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते, दिवस वाया जातात आणि घराचा जीव टांगणीला लागतो.

म्हणून एवढे कराच:

• स्लाइड आणि बाटली वेगवेगळ्या पिशव्यांत, एकमेकांपासून लांब ठेवा. स्कूटरच्या डिकीत दोन्ही एकत्र कोंडू नका.

• बाटलीचे झाकण घट्ट आहे ना ते पाहा. वास घ्यायला ती उघडू नका.

• काही स्लाइड वाळवतात, काही लगेच अल्कोहोलमध्ये बुडवतात. कोणती कशी आहे, हे दवाखान्यातच लिहून घ्या.

• वाटेत रेंगाळू नका, नमुना त्याच दिवशी पोहोचवा.

लॅबमध्ये काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही सांगणे आहे. फॉर्मेलिनच्या बरण्या उघडण्याचे टेबल वेगळे ठेवा आणि न रंगवलेल्या स्लाइड त्या खोलीत वाळत घालू नका.

शिफा देणारा अल्लाह आहे. पण नमुना ही रुग्णाची आपल्या हाती दिलेली अमानत आहे, आणि ती सुखरूप पोहोचवणे आपले काम आहे.