टप कुठला घ्यायचा, हे मागच्या सीटला विचारा

ओळखीतलं कोणी सेकंडहँड थार घ्यायचं म्हणतं, तेव्हा पेट्रोल की डिझेल, फोर बाय फोर हवं की नको, हे प्रश्न दोन दिवसांत सुटतात. अडतं ते टपावर. कापडी सॉफ्टटॉप की कडक हार्डटॉप? मुलगा म्हणतो, टप उघडता येत नसेल तर थार घ्यायचीच कशाला? अब्बा म्हणतात, एवढे लाख मोजून ताडपत्री घ्यायची? विकणारा दोघांच्याही बोलण्यावर मान डोलावतो. अम्मीला, भाभीला, शाळकरी पोरांना कोणी विचारत नाही. मागच्या सीटवर मात्र पुढची दहा वर्षं त्यांनाच बसायचं असतं.

माझं मत आधीच सांगते. ज्या घरात एकच गाडी आहे आणि ती रात्री उघड्यावर उभी राहते, त्या घराने हार्डटॉप घ्यावा. कोंढवा, कॅम्प, मोमीनपुरा, नाना पेठ, भवानी पेठ इथल्या बहुतेक घरांची हीच गत आहे. सॉफ्टटॉप वाईट असतो असं मी म्हणत नाही. तो ज्या घरासाठी असतो, ते घर आपल्यापैकी थोड्यांचं आहे.

आधी कापडी टप आला कुठून ते पाहू. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला कॅनव्हासचा टप होता, कारण सैन्याला हलकी, चटकन उघडी करता येणारी गाडी हवी होती. तीच जीप पुढे महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली. ही कंपनी २ ऑक्टोबर १९४५ ला सुरू झाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं, हे आपल्या तरुण पोरांना अनेकदा माहीत नसतं. के. सी. आणि जे. सी. महिंद्रा या भावांसोबत मलिक गुलाम मोहम्मद भागीदार होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. भागीदार गेला, पण त्या घडणीत आपलंही एक नाव होतं, हे ठाऊक असलेलं बरं.

पुढची कित्येक दशकं कापडी टप हा गरिबाचा टप होता. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वडापच्या जीपगाड्यांवर तोच असायचा. फाटला की रिक्षाचे हूड आणि सीट कव्हर शिवणाऱ्या कारागिराकडे न्यायचा, तो रेक्झीनचा तुकडा लावून दुपारपर्यंत परत द्यायचा. स्वस्त, हलका, गावात दुरुस्त होणारा. आजचा सॉफ्टटॉप दिसायला त्याच घराण्यातला आहे, पण आता तो हौसेचा आहे. जाहिरातीत तो उघडा असतो, आकाश निळं असतं आणि गाडीत दोनच माणसं असतात.

आता आपलं पुणं बघा. शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे फार नाही. पण ज्या रस्त्यांसाठी थार घ्यायची, ते ताम्हिणीचे, मुळशीचे, महाबळेश्वरचे. महाबळेश्वरचा पाऊस ५,००० मिलिमीटरच्या वर जातो. तिथे कापडी टपाची शिवण, चेन आणि दाराच्या वरची फट यांची परीक्षा होते. ओला टप घडी करून ठेवला की त्याला बुरशी धरते आणि वास बसतो. मागच्या खिडक्या प्लास्टिकच्या असतात, त्या कोरड्या फडक्याने पुसल्या की ओरखडे पडतात आणि उन्हाने हळूहळू धुरकट होतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा कापडाखाली एसीला दुप्पट झटावं लागतं. हायवेवर वेग वाढला की कापड फडफडतं, आणि मागे बसलेल्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं.

चोरीचं तर सांगायलाच नको. कापडाला ब्लेड पुरतं. बंद पार्किंग असलेल्याला याची फिकीर नाही. गल्लीत गाडी लावणाऱ्याला रोज रात्री बॅग, कागदपत्रं, स्टेपनीची हत्यारं घरात उचलून न्यावी लागतात. पहिला महिना माणूस नेतो. चौथ्या महिन्यात कंटाळतो.

'उन्हाळ्यात टप काढू, पावसाळ्यात लावू' असा एक गैरसमजही आहे. तो परदेशी व्हिडिओ बघून होतो. जीप रँग्लरचा हार्डटॉप तुकड्यांमध्ये काढता येतो. ती गाडी २०२१ पासून आपल्या शेजारी रांजणगावच्या कारखान्यातही जोडली जाते, पण तिची किंमत ५० लाखांच्या पुढे आहे. थारचा हार्डटॉप असा काढ-घाल करायला बनवलेला नाही. म्हणजे जो टप घ्याल, तो गाडी विकेपर्यंत तुमचा.

काही जण यावर तोड काढतात: सॉफ्टटॉप घ्यायचा आणि बाहेरून फायबरचा हार्डटॉप बसवायचा. २०१० च्या पहिल्या थारला कापडी टपच यायचा, तेव्हापासून ही सवय लागलेली आहे. इथे कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०२२ मध्ये श्रीनगरच्या न्यायालयाने एका थारमालकाला याच कारणावरून दोषी धरलं. त्याच्या गाडीत जे बदल होते त्यांत बाहेरून बसवलेला हार्डटॉपही होता. चांगल्या वर्तनाच्या हमीपत्रावर त्याची सुटका झाली. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न याच बदलाचा विचारेल. आपल्या पोरांना पोलिसांच्या नाक्यावर थांबायला आधीच कारणं कमी नसतात, त्यात आपण होऊन एक कशाला वाढवायचं?

सुरक्षेबद्दल न्यायाने बोललं पाहिजे. २०२० च्या थारला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी चार-चार तारे मिळाले. गाडीच्या आत पोलादी रोल केज असतो, त्यामुळे सॉफ्टटॉप म्हणजे डोक्यावर काहीच नाही असं नसतं. पण रोल केज वाचवतो तो बेल्ट लावून आत बसलेल्या माणसाला. टप उघडा असला की पोरं सीटवर उभी राहतात, दारावर बसतात, अर्धं अंग बाहेर काढून व्हिडिओ काढतात. ईदच्या संध्याकाळी किंवा लोणावळ्याच्या रस्त्यावर हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. बंद टपाखाली हा मोह निम्म्याने कमी होतो. अठरा-वीस वर्षांचा मुलगा गाडी चालवणार असेल, तर माझ्यासाठी हे एकच कारण पुरेसं आहे.

आता मागच्या सीटकडे येते. तीन दरवाजांच्या थारमध्ये मागे जायचं तर पुढची सीट वाकवून चढावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या अम्मीला ते आधीच जड जातं. वर उघडा टप असेल तर वारा सगळ्यात जास्त मागेच लागतो. ओढणी, बुरखा, हिजाब सांभाळत, कडेवरच्या बाळाचे कान झाकत पानशेतपर्यंत जाऊन बघा. पुढे बसलेल्यांची सहल होते आणि मागे बसलेल्यांची शिक्षा. अशी गाडी हळूहळू घराची राहत नाही, एकट्या मुलाची होते. मग खाला किंवा नानीकडे जायचं तर रिक्षा बोलावली जाते, आणि हप्ते मात्र सगळ्या घराच्या पोटाला चिमटा घेऊन भरले जातात.

बायकांना हार्डटॉपच आवडतो असं मात्र मी गृहीत धरत नाही. माझ्या वर्गातल्या मुलींना उघड्या गाडीचं वेड मुलांइतकंच आहे, आणि राजगडाच्या पायथ्याशी पहाटेची हवा तोंडावर घ्यायचा हक्क त्यांनाही आहे. म्हणून आपणच ठरवून त्यांच्या नावावर निर्णय घालू नये. त्यांना विचारावं. मागे बसवून घाटातून एक फेरी मारावी आणि मग विचारावं.

गाडी बनवणाऱ्यांचा कलही बघण्यासारखा आहे. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची जुनी गुरखा कापडी टपातही मिळायची, २०२१ ची नवी गुरखा फक्त हार्डटॉपमध्ये आली. मारुतीच्या जिप्सीला दोन्ही टप होते, २०२३ च्या पाच दरवाजांच्या जिम्नीला कडक छतच आहे. महिंद्राने २०२४ मध्ये कुटुंबांसाठी पाच दरवाजांची थार रॉक्स आणली, तिलाही कडक छतच दिलं. गाडीत कुटुंब बसायला लागलं की छत कडक होतं, हे तिन्ही कंपन्यांना कळलेलं दिसतं.

सॉफ्टटॉप कोणी घ्यावा? ज्याच्या घरी रोजची दुसरी गाडी आहे, जागा छपराखाली आहे, आणि जो टप वाळवायला, पुसायला, जपायला वेळ देणार आहे त्याने. ताडोबात पर्यटकांना फिरवणाऱ्या जिप्सीला उघडंच राहावं लागतं, ते तिचं काम आहे. हौसही गुन्हा नाही, हलाल कमाईतून केलेली हौस माणसाला शोभते. पण हौस आणि दिखावा यांच्यात फरक आहे. वर्षातले दहा दिवस टप उघडता येतो म्हणून उरलेले साडेतीनशे दिवस घराने गळकं, तापलेलं, कर्कश छत सोसायचं, याला मी दिखावा म्हणेन. दीनने आपल्याला इसराफपासून दूर राहायला सांगितलं आहे. मला वाटतं, घरच्यांचा आराम उधळणं हाही इसराफच आहे.

तेव्हा बयाणा देण्याआधी एक करा. टेस्ट ड्राइव्ह जुलैमध्ये घ्या, भर पावसात. जो पैसे भरणार आहे त्याने स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्यावं आणि स्वतः मागे बसावं, शेजारी अम्मीला घेऊन. कात्रजचा जुना घाट चढून उतरेपर्यंत टपाचा निर्णय झालेला असेल.