सडा कोणाचा? फिरणाऱ्यांचा, गावकरांचा की सर्वांचा?

मालवणचा समुद्र पाहून झाला की पर्यटकांच्या गाड्या आंबोली घाट चढतात. चौकुळच्या सड्यावर तंबू लागतात, रात्री शेकोटी पेटते. परतताना ही मंडळी सांगतात, 'काय निर्मनुष्य जागा आहे!' आमचा आक्षेप या एका शब्दाला आहे.

आम्ही भटकंतीच्या विरोधात नाही. भटकंतीचा हक्क आम्हाला कोणी फुकट दिलेला नाही. 1934 साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळ पाहायला निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी त्यांनी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, तर 'पाणी बाटले' म्हणून गर्दी अंगावर आली. शेवटी किल्ला पाहायला मिळाला, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारबंद शिपाई! म्हणून डोंगर, किल्ला, पाणवठा सर्वांना खुला हवा, हे आम्ही इतरांपेक्षा जास्त ठासून सांगतो.

पण खुला म्हणजे बेवारस नव्हे. सड्यावर जांभ्या दगडाच्या कातळावर वीतभरही माती नसते. पावसात तिथे साचणाऱ्या उथळ डबक्यांत आंबोलीचा भेक अंडी घालतो. शास्त्राला त्याची ओळख 2009 साली झाली आणि आज तो नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे. जीपचे चाक एकदा डबक्यातून गेले की त्या भेकाची एक पिढी संपते. तेव्हा गाडी रस्त्यावरच थांबावी, तंबू ठरलेल्या जागीच लागावा, कातळावर शेकोटी नको. हा नियम मंत्र्याच्या पाहुण्यालाही लागू हवा.

आता खरा प्रश्न. आंबोली, चौकुळ, गेळे इथल्या जमिनी सावंतवाडी संस्थानच्या काळापासून 'कबुलायतदार गावकर' म्हणून नोंदलेल्या होत्या. 1999 साली त्यांवर महाराष्ट्र शासनाचे नाव लागले. त्या परत मिळाव्यात ही मागणी न्याय्य आहे. पण कोकणात 'गावकर' म्हणजे गावात राहणारा प्रत्येक जण नव्हे. तो मानाच्या घराण्यांचा शब्द आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावकीची कामे केली, पण ज्यांना गावकर कधी म्हटले गेले नाही, त्यांचे काय? खोतीविरुद्ध 1937 साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, ते कसणाऱ्या कुळासाठी. कागदावर ज्याचे नाव नाही त्याचाही जमिनीवर हक्क असतो, हा त्याचा गाभा होता.

2020 साली राज्य वन्यजीव मंडळाने आंबोली-दोडामार्ग संवर्धन राखीव क्षेत्राला मंजुरी दिली. कायद्यानुसार अशा क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत वन खाते, ग्रामपंचायती, वन्यजीव संस्था, कृषी आणि पशुसंवर्धन खाते यांना जागा आहे. भूमिहीनाला स्वतंत्र जागा नाही. म्हणजे ज्यांच्याकडे आधीच आवाज आहे, तेच ठरवणार की वाटाड्या कोण होणार, तंबूचे भाडे कोणाच्या खिशात जाणार आणि गुरे कुठे चरणार.

आमच्या मागण्या साध्या आहेत. जमीनवाटपाच्या यादीत बौद्धवाडी, चर्मकारवाडी आणि धनगरवाडीतील कुटुंबे समान हिश्श्याने यावीत. व्यवस्थापन समितीत भूमिहीनांचा प्रतिनिधी असावा आणि त्यात बाईला प्राधान्य मिळावे. पर्यटन शुल्काचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा.

भेक वाचलाच पाहिजे. पण भेकाला वाचवताना माणसाला पुन्हा वेशीबाहेर ठेवणारे संवर्धन आम्हाला मान्य नाही.

जय भीम!