रुग्णाचा प्रश्न आणि अनुदानाचा अर्ज

वैद्यकीय संशोधनाला पैसा हवा असेल तर अर्ज करावा लागतो आणि तो अर्ज इतर अनेक अर्जांशी झुंजून निवडून यावा लागतो. १९११ साली स्थापन झालेली आणि १९४९ पासून आजच्या नावाने ओळखली जाणारी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद बाहेरच्या संस्थांना अनुदान देते ते याच पद्धतीने. पद्धतीत वावगे काही नाही. सार्वजनिक पैसा शिफारशीपेक्षा गुणवत्तेवर वाटला जाणे केव्हाही इष्टच. परंतु या स्पर्धेच्या परिभाषेत 'रुग्णकेंद्री संशोधन' हा शब्द आता रूढ झाला आहे आणि अर्जाच्या पहिल्या पानावर तो जितक्या सहजपणे अवतरतो, तितक्या सहजपणे कर्जत किंवा खालापूर तालुक्यातील एखाद्या वाडीत उतरत नाही. केंद्रस्थानी ज्याला बसवावयाचे त्या रुग्णाला अर्ज लिहिताना कोणी काही विचारले होते काय, हा साधा प्रश्न छाननीच्या टेबलावर क्वचितच निघतो.

हे दोन तालुके मुंबईपासून दूर नाहीत. मुंबई-पुणे लोहमार्ग कर्जतवरून जातो, खोपोलीत कारखाने आहेत, नेरळहून माथेरानला पर्यटक चढतात. तरीही रस्ता सोडून तासभर डोंगर चढला की ठाकर आणि कातकरी वाड्यांचा वेगळाच प्रदेश सुरू होतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा बचावपथकांना पायीच वर जावे लागले, कारण वाडीला रस्ता नव्हता. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे शेवटपर्यंत सापडली नाहीत. त्या एका रात्री साऱ्या महाराष्ट्राला ती पायवाट दिसली. आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणणाऱ्यांना तिची ओळख फार जुनी होती.

कातकरी ही केंद्र शासनाच्या यादीतील महाराष्ट्राच्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या उरलेल्या दोन. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जाण्यापूर्वी मालकाकडून उचल घेतलेली असते. घरात मोठे आजारपण आले की उचलीचा आकडा वाढतो आणि तो फेडण्यात पुढचा हंगाम जातो. म्हणजे इथल्या रुग्णाच्या दृष्टीने आजाराचा शेवट रुग्णालयातून घरी जाण्याने होत नाही. तो उचल फिटल्यावर होतो. संशोधनाच्या अर्जात 'निष्पत्ती' या सदराखाली मृत्यू, गुंतागुंत, रुग्णालयातील दिवस असे मोजमाप असते. उचल त्यात कोठेही नसते.

सर्पदंशाचेच उदाहरण घ्यावे. भाताच्या लावणीत आणि पावसाळ्याच्या रात्री साप चावणे ही या भागातील नित्याची आपत्ती आहे. सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. तेव्हा या विषयावर अर्ज होणार आणि ते व्हावयासही हवेत. संशोधक बहुधा प्रतिविषाची मात्रा किती असावी हे विचारील. हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु वाडीतल्या माणसाला त्याआधीचा प्रश्न पडलेला असतो: रात्री खाली न्यावयाचे कसे, ज्या दवाखान्यात नेऊ तिथे लस आणि ती देणारा डॉक्टर दोन्ही असतील का, आणि नसतील तर पुढे पनवेल गाठायचे की अलिबाग? आधी भगताकडे जाण्यामागे अंधश्रद्धा किती आणि अंतर किती, हे कोणी मोजले तर त्यातून बरेच काही निष्पन्न होईल. मात्र असा अर्ज 'नावीन्य' या निकषावर किती गुण मिळवील याची शंकाच आहे.

रायगड जिल्ह्यालाच या बाबतीत एक थोर उदाहरण लाभले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. लाल विंचू चावलेली माणसे त्यांच्यासमोर फुप्फुसात पाणी होऊन दगावत. उलट्या, अंगभर घाम, थंडगार पडलेले हातपाय अशी लक्षणे त्यांनी रुग्णाच्या खाटेशी बसून टिपली. ती निरीक्षणे १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन या औषधाचा त्यांनी विंचूदंशासाठी वापर केला आणि ज्या दंशाने गंभीर रुग्णांपैकी शंभरातील चाळीसजण मरत, त्यात मृत्यूचे प्रमाण एकाच्या आसपास आले. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने त्यांची महाडमधील चाचणी छापली. ७० रुग्ण, दोन गट. प्रतिविष आणि प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसते प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. २०२२ साली पद्मश्री त्यांच्याकडे चालत आली.

या सुरुवातीच्या कामामागे अनुदानाची कोणतीही मोठी फाईल नव्हती. त्यावरून अनुदानाची गरजच नाही असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. ज्या देशात खेड्यातील संशोधन एका डॉक्टरच्या हट्टावर अवलंबून राहते, तिथे तसा हट्टी डॉक्टर न लाभलेल्या तालुक्यांनी काय करावे? महाडला बावस्कर लाभले, गडचिरोलीला अभय आणि राणी बंग. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे राणी बंग आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखविले, तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढीच अधिकृत समजूत होती. स्त्रियांना प्रश्न विचारला गेला म्हणून उत्तर मिळाले. नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा त्यांचा प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते, आणि २०११ पासून तीच पद्धत 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर आली.

अमेरिकेने २०१० च्या आरोग्यविमा कायद्याद्वारे केवळ रुग्णकेंद्री संशोधनासाठी एक संस्था निर्माण केली. तिच्याकडे अर्ज करणाऱ्याला, प्रश्न ठरविण्यापासून निष्कर्ष लोकांपर्यंत नेण्यापर्यंत रुग्णांचा सहभाग कसा राहील हे लिहून द्यावे लागते आणि अर्जांची छाननी करणाऱ्यांत शास्त्रज्ञांबरोबर रुग्णही बसतात. अमेरिकेचे सगळेच घेण्यासारखे नसते. तिथली रुग्णालयाची बिले तर मुळीच नाहीत. पण छाननीच्या टेबलावर रुग्णाला खुर्ची देणे ही कल्पना उचलण्यास खर्च फारसा नाही. आपल्याकडे परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत लोकसहभागाचा पुरस्कार आहे. आदिवासींवरील संशोधन त्यांच्या हिताचे असावे, संशोधनात सहभागी होणाऱ्याचा प्रवासखर्च व बुडालेली मजुरी भरून द्यावी, हेही त्यात आहे. तत्त्वे चांगली आहेत. अर्जाच्या खर्चपत्रकात मात्र यंत्रांसाठी लाखो रुपये आणि रुग्णाच्या प्रवासासाठी एक ओळ, असा प्रकार चालतो. सहाआसनी रिक्षाचे भाडे आणि दिवसाची मजुरी खर्चपत्रकात नसेल तर दुसऱ्या तपासणीला रुग्ण येत नाही आणि अहवालात त्याची नोंद 'पाठपुराव्यातून गळालेला' अशी होते. गळाला तो नव्हे. त्याला धरून ठेवण्याची तरतूद अर्ज लिहिणाऱ्याने केली नव्हती.

शिक्षकवर्गाने या विषयात लक्ष घालावे याला एक अप्रिय कारण आहे. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प झाला. परदेशी संस्था, परदेशी पैसा आणि खुद्द संशोधन परिषदेचा सहभाग. पालकांच्या संमतिपत्रांवर अनेक ठिकाणी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनीच सह्या केल्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही, हे नमूद केले पाहिजे. परंतु संमतीच्या प्रकाराबद्दल संसदेच्या स्थायी समितीने २०१३ साली कठोर शब्दांत ताशेरे ओढले. कर्जत तालुक्यातही आश्रमशाळा आहेत. उद्या असे कागद तेथील मुख्याध्यापकांच्या टेबलावर आले तर सही नाकारण्याचे बळ त्यांच्याकडे असावयास हवे, आणि ते बळ नियम माहीत असल्यानेच येते. निरक्षर पालकाचा अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. मुलांचे पालकत्व आश्रमशाळेला आपोआप मिळत नाही. संमतिपत्राची भाषाही पाहण्यासारखी असते. इंग्रजीतून शब्दाला शब्द ठेवून केलेले ते मराठी कर्जतच्या महाविद्यालयातील पदवीधरालाही कळत नाही, मग कातकरी बाईची गोष्टच नको. तो मजकूर वाडीच्या बोलीत उतरविण्याचे काम तालुक्यातील विद्यार्थी उत्तम करू शकतील. त्याचा मोबदलाही खर्चपत्रकात मागता येतो.

अडथळे बरेचसे कारकुनी स्वरूपाचे आहेत आणि म्हणूनच ते दुर्लक्षिले जातात. खासगी सेवाभावी संस्थेला संशोधन संस्था म्हणून वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता लागते. तालुक्याच्या रुग्णालयाची स्वतःची नोंदणीकृत नैतिकता समिती सहसा नसते, ती वैद्यकीय महाविद्यालयाकडून उसनी घ्यावी लागते. औषधाची चाचणी असेल तर २००९ पासून राष्ट्रीय नोंदवहीत नोंद सक्तीची आहे. मग उपयोगिता प्रमाणपत्रे, हप्त्यांचे हिशेब, मार्चअखेर. हे सारे निभावणारा लेखनिक नसल्याने तालुक्यातील माणूस स्वतः अर्ज करतच नाही. तो शहरातील प्राध्यापकाच्या अर्जात 'क्षेत्रीय सहकारी' होतो, म्हणजे रक्ताचे नमुने गोळा करून पाठवितो. प्रश्न शहराचा आणि नमुने डोंगरावरचे, ही वाटणी इथेच पक्की होते. रुग्णालयाच्या केसपेपर खिडकीमागे बसणाऱ्या कर्मचाऱ्याला सर्पदंशाचे रुग्ण कोणत्या वाड्यांतून, किती वाजता आणि किती उशिरा येतात हे अनेक वर्षांच्या नोंदवह्यांवरून सांगता येईल. अर्जाच्या प्रस्तावनेला यापेक्षा भक्कम आधार परदेशी निबंधांच्या यादीतून मिळणार नाही.

अशा अर्जांवर तज्ज्ञांचा आक्षेप ठरलेला असतो. रुग्णांना विचारत बसले तर शास्त्र मागे पडते, प्रत्येक वाडीचा प्रश्न निराळा निघतो आणि निष्कर्ष सर्वत्र लागू पडत नाहीत. आक्षेप अगदीच पोकळ नाही. रुग्णाला यादृच्छिक विभागणी ठरवावयास सांगणे हास्यास्पदच ठरेल. परंतु काय मोजावे हे रुग्ण सांगू शकतो आणि कसे मोजावे हे शास्त्रज्ञाने ठरवावे, इतकी श्रमविभागणी अशक्य नाही. महाडच्या चाचणीची पद्धत काटेकोर होती. तिचा प्रश्न मात्र दगावणाऱ्या शेतमजुराच्या खाटेजवळ जन्मला होता.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. अर्ज मंजूर होऊन पहिला हप्ता येईपर्यंत आणि माणसे नेमली जाईपर्यंत हिवाळा उजाडू शकतो, आणि तेव्हा कातकरी वाड्यांत म्हातारी माणसे उरलेली असतात. अशा वेळी घेतलेली पाहणी म्हणजे भट्टीवर न गेलेल्यांची पाहणी. जो अर्जदार आपल्या वेळापत्रकात वाडीची पहिली बैठक मेअखेर ते पहिला पाऊस या पंधरवड्यात ठेवील आणि हिवाळ्यातला पाठपुरावा भट्ट्यांवर जाऊन घेण्याचा खर्च मागील, त्याच्या अर्जावर 'खर्च अनावश्यक' असा शेरा मारण्यापूर्वी छाननी समितीने त्या महिन्यांत निदान एक वाडी पाहून यावे.