पेटीतला इतिहास

माळशिरस तालुक्यातील नातेपुते हे गाव ज्ञानेश्वरमाउलींच्या पालखीच्या मुक्कामामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. लगतच्या माणदेशाप्रमाणे या टापूतही पावसाचा भरवसा नसतो. जेथे शेत पोट भरीत नाही, तेथला तरुण एक तर मुंबईच्या गिरणीत गेला, नाही तर पलटणीत. गिरणी कामगारांचा इतिहास लिहिण्याचे काही प्रयत्न तरी झाले. पलटणीत गेलेल्यांचा इतिहास मात्र अशा गावांतून माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्यांत पडून आहे. '५६ ए.पी.ओ.' हा पत्ता असलेली अंतर्देशीय पत्रे, मनीऑर्डरच्या पावत्या, डिस्चार्ज बुक, पिवळा पडलेला एखादा फोटो. वाळवी आणि रद्दीवाला यांच्या तावडीतून जे सुटेल तेवढेच उरणार.

हा प्रश्न केवळ हळव्या आठवणींचा नाही. पहिल्या महायुद्धात तेरा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार धाडली गेली. त्यांतील सुमारे ७४ हजार परतली नाहीत. फ्रान्समधील हिंदी सैनिकांची पत्रे इंग्रज सरकारचे सेन्सॉर खाते उघडून वाचीत असे. त्यांतील उताऱ्यांची इंग्रजी भाषांतरे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रे बहुतेक नाहीशी झाली. म्हणजे शिपायाचा शब्द टिकला तो राज्यकर्त्याला त्याची धास्ती वाटली म्हणून, आणि टिकला तोही राज्यकर्त्याच्याच भाषेत!

मराठी शिपायाच्या वाट्याला एवढेही आले नाही. मराठा पलटणींपैकी पुष्कळ मेसोपोटेमियात लढत होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत-अल-अमारा येथे पुणे डिव्हिजनने शरणागती पत्करली, तेव्हा १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. उपासमार आणि त्यानंतरचा बंदिवास शिपायांनी भोगला. त्याची हकिकत मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांनी लिहिली. १९१७ साली उभारलेली १११वी महार पलटण १९२१ साली मोडण्यात आली. गरज असताना भरती आणि गरज सरताच बरखास्ती, हा न्याय ज्यांच्या वाट्याला आला त्यांचे कागद जपण्याची चिंता कोण करणार?

महाराष्ट्राला कागद जपण्याची परंपरा नाही, असे मात्र नव्हे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे मिळविली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. परंतु या परंपरेत सरदाराच्या पत्राला जे मोल आले, ते शिपायाच्या पत्राला आले नाही. पंजाबात महायुद्धानंतर तयार झालेल्या नोंदवह्यांत सुमारे तीन लाख वीस हजार सैनिकांची नावे आहेत. त्या वह्या लाहोरच्या संग्रहालयात शतकभर पडून होत्या आणि २०२१ पासून त्या लोकांसाठी खुल्या होऊ लागल्या. तेथे निदान वह्या तरी होत्या.

लष्करी माहिती उघड होण्याची भीती कोणी पुढे करील. पण ज्या युद्धांना पन्नास वर्षे उलटली त्यांतील घरगुती पत्रांत कर्ज, पाऊस, बैल आणि रजा यांच्याशिवाय कोणते गुपित असणार? १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा सरकारी कागदांपुरता आहे. संरक्षण खात्याचे २०२१ चे धोरणही युद्धविषयक सरकारी नोंदींसंबंधी आहे. घरातील पत्र जपणे हे कोणाचेच काम नाही. म्हणूनच ते चळवळीचे काम ठरते.

हे काम युद्धाच्या गौरवासाठी नव्हे. दुष्काळ आणि सावकारी यांनी शेतकऱ्याच्या पोराला कोणत्या दरात बंदूक धरावयास लावली, याचा पुरावा राखण्यासाठी आहे. कार्यकर्त्यांनी गावातील माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या घरी जावे, कागदांची यादी करावी, संमती घेऊन प्रती काढाव्यात. मूळ पत्र कुटुंबाकडेच राहावे. जे खासगी ठेवावयाचे ते कुटुंबाने ठरवावे. ज्यांना लिहिता येत नव्हते आणि ज्यांनी दुसऱ्याकडून पत्रे लिहवून घेतली, त्यांच्या आठवणी मुलानातवांकडून टिपून घ्याव्यात. प्रतींचा एक संच गावच्या वाचनालयात आणि एक राज्य पुरालेखागारात राहील, अशी जबाबदारी शासनाने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयावर सोपवावी, यासाठी आग्रह धरावा.

आता सीमेवरून पत्र येत नाही, फोन येतो. तेव्हा पत्रे लिहिणारी पिढी ही अखेरचीच. तिच्या पेट्या उघडण्याआधी रिकाम्या झाल्या, तर दोष वाळवीला देता येणार नाही.