सुई निसटली, जबाबदारी निसटू नये

केमोथेरपीचे औषध देताना ते कधी कधी शिरेबाहेर गळते. साधे सलाईन बाहेर गेले तर हात सुजतो आणि ओसरतो. डॉक्सोरुबिसिन, व्हिनक्रिस्टिन ही औषधे मात्र मांस जाळतात. डॉक्सोरुबिसिन पेशींच्या डीएनएला चिकटून राहते, त्यामुळे जखम कित्येक आठवडे खोल होत जाऊ शकते. मग त्वचारोपणाची पाळी येते.

अशा वेळी काय करावे, हे काही गूढ शास्त्र नाही. औषध तात्काळ थांबवावे. सुई लगेच उपसू नये. तिच्यातूनच उरलेले औषध सिरिंजने ओढून घ्यावे. जागा चोळू नये, हात उंच ठेवावा, सुजेच्या कडेने पेनाने खूण करावी, डॉक्टरांना बोलवावे, वेळ नोंदवावी. डॉक्सोरुबिसिनला थंड शेक, व्हिनक्रिस्टिनला गरम. उलट केले तर नुकसान वाढते. डॉक्सोरुबिसिनवरचा डेक्सराझोक्सेन हा उतारा ६ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो.

मग घोडे अडते कुठे? कंत्राटी नर्सला प्रशिक्षण नाही, उताऱ्याचे औषध कपाटात नाही आणि काही घडले की पहिली नोटीस तिलाच! नोकरीच्या भीतीने ती गप्प बसली, तर रुग्णाचे ते ६ तास तिथेच संपतात.

प्रत्येक गळती म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. शिरा नाजूक असतील तर दक्ष हातूनही ती घडते. पण रुग्ण 'आग होतेय' म्हणत असताना औषध चालू ठेवणे, गळती दडवणे, हा निष्काळजीपणाच. आणि नर्सच्या चुकीची भरपाई रुग्णालयाला द्यावी लागते, हे व्यवस्थापनाने विसरू नये.

१९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. सर्वांनाच मोफत उपचार देणारी रुग्णालये मात्र बाहेर राहिली. म्हणजे ज्याच्या खिशात पैसा नाही, त्याला ग्राहक आयोगाचे दार बंद. त्याने दिवाणी न्यायालयाची लांबची वाट धरावी! गरिबाच्या हाताची किंमत कमी आहे काय?

म्हणून केमोथेरपीच्या प्रत्येक वॉर्डात लेखी कार्यपद्धती, उताऱ्याची पेटी आणि प्रशिक्षित नर्स असलीच पाहिजे. गळती कळवणाऱ्या नर्सला संरक्षण मिळाले पाहिजे. आणि रुग्णांनो, हाताची आग सहन करू नका, ताबडतोब ओरडून सांगा. केसपेपरची प्रत लेखी मागा. ती ७२ तासांत मिळणे हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे.